जोर ‘रा’वर, शिखर ‘बा’वर

स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘आघाताच्या अक्षरावर सूर चढवा, प्रश्नाच्या शेवटी सूर वर न्या, सगळी अक्षरं सारख्या वेळेत म्हणा, झालं तुमचं स्पॅनिश!’ मला तो चौघांनी पाठवला, म्हणून हे लिहितोय.

आघाताने, म्हणजे शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर दिला त्याने, स्पॅनिशमध्ये अर्थ बदलतो, हे खरंच. ‘तेर्मिनो’ घ्या. जोर ‘तेर’वर दिला तर संज्ञा किंवा मुदत, ‘मि’वर दिला तर ‘मी संपवतो’, ‘नो’वर दिला तर ‘त्याने संपवलं’. मराठीत असं होत नाही, त्यामुळे ही सवय आपल्याला मुद्दाम लावून घ्यावी लागते. पण जोर म्हणजे चढा सूर नव्हे. ‘ला निन्या मिराबा ला लूना’ (मुलगी चंद्र बघत होती) हे वाक्य माद्रिदच्या माणसाकडून म्हणवून घ्या आणि ‘प्राट’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सुराची रेघ, म्हणजे आवाज कुठे चढतो-उतरतो त्याचा आलेख, बघा. ‘मिराबा’त जोर ‘रा’वर आहे, रेघ तिथे चढायला लागते, पण शिखर गाठते ‘बा’वर. ‘निन्या’चंही तेच. शेवटच्या ‘लूना’त मात्र हा उशीर नसतो. शिखर ‘रा’वरच आणलंत, तर ऐकणाऱ्याला वाटेल, ‘ऐकत नव्हती, बघत होती’ असं काही तुम्ही ठासून सांगताय.

ब्युनोस आयर्सला मात्र फॉरवर्ड चुकून बरोबर ठरतो! तिथे शिखर बहुधा आघाताच्या अक्षरातच येतं. इटलीहून मोठ्या संख्येने आलेल्या स्थलांतरितांच्या बोलीशी लाउरा कोलान्तोनी आणि होर्खे गुर्लेकियन या संशोधकांनी २००४ साली त्याचा संबंध जोडला.

‘सारख्या वेळेत’चं लगेच उरकतो. इंग्रजीसारखे स्वर गिळू नका, एवढाच अर्थ असेल तर ठीक. पण आघाताचं अक्षर लांबतं, वाक्याच्या शेवटचंही लांबतं.

आता प्रश्न. आपण ‘का’ लावून मोकळे होतो. स्पॅनिशमध्ये तसा शब्द नाही, सगळी भिस्त सुरावर. ‘मिराबा ला लूना?’ असं माद्रिदला विचारलं, तर ‘लू’वर जोर असूनही सूर तळाला जातो आणि ‘ना’वर उसळतो. म्हणजे फॉरवर्डचा दुसरा नियम इथे पाळायचा, तर पहिला मोडावा लागतो. ‘कुठे राहतोस?’ अशा प्रश्नात तर शेवटी सूर सहसा उतरतोच. आणि पोर्तो रिकोत हो-नाहीच्या प्रश्नातही ‘लू’ उंच, ‘ना’ खाली. आपल्या कानाला ते साधं विधान वाटतं. समोरचा उत्तराची वाट बघत असतो आणि आपण नुसती मान डोलावतो.