नोकरी बदलायची? आधी पंचांग बघा

अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर ग्रीन कार्डाची वाट बघताय, साहेब रोज डोक्यावर मिरे वाटतोय आणि दुसऱ्या कंपनीनं घसघशीत पगार देऊ केलाय? हुरळून जाऊ नका. आधी पंचांग उघडा.

आपलं पंचांग म्हणजे व्हिसा बुलेटिन. अमेरिकेचं परराष्ट्र खातं ते दर महिन्याला काढतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत कुठल्या तारखेपर्यंत नाव लावलेल्यांचा नंबर आला, हे त्यात देशवार असतं. त्यातली भारताची तारीख कधी आठवडाभर सरकते, कधी महिनोन्महिने हलत नाही आणि कधी चक्क वक्री होते. शनीसुद्धा अडीच वर्षांत रास बदलतो हो! पण नोकरीच्या वाटेनं मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, बायकामुलं त्यातच धरलेली, आणि एका देशाला त्यातली ढोबळमानानं ७ टक्के. भारत आणि आइसलँड एकाच पंगतीला, वाढपी दोघांनाही सारखंच वाढणार.

आता मुहूर्त. पर्म, म्हणजे ग्रीन कार्डाची पहिली पायरी, चालू असताना नोकरी सोडलीत तर नव्या कंपनीत पुन्हा श्रीगणेशा. हे पर्म मोठं गमतीचं. या कामाला लायक अमेरिकन माणूस मिळत नाही, हे कंपनीनं दाखवायचं. त्यासाठी दोन रविवारी पेपरात जाहिरात द्यायची. म्हणजे जाहिरात तुमच्याच खुर्चीची, ती वाचायची तुम्ही त्याच खुर्चीत बसून, आणि कुणी लायक माणसानं अर्ज करू नये म्हणून देव पाण्यात ठेवायचे.

पुढची पायरी आय-१४०, म्हणजे कंपनीनं तुमच्यासाठी केलेला अर्ज. तो मंजूर झाला? पेढे वाटा, पण १८० दिवस हलू नका. त्यानंतर जुन्या कंपनीनं रागानं अर्ज मागे घेतला तरी मंजुरी शाबूत राहते. नव्या कंपनीत पर्म आणि १४० पुन्हा करायचंच, रांगेतली जागा तेवढी आपली. तशी नव्या कंपनीच्या एच-वन-बी अर्जाची पावती आली की रुजू व्हायला कायद्याची मुभा आहे. पण नुसत्या पावतीवर भरवसा ठेवायला आपण काय लॉन्ड्रीत कपडे टाकलेत?

पुढे कधीतरी तारीख आली की ४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा शेवटचा, तुमचा स्वतःचा अर्ज, भरता येईल. परत १८० दिवस. मग खुशाल बदला, फक्त काम 'तेच किंवा तत्सम' हवं. पंचविशीत जे करत होतात तेच पंचेचाळिशीत करत राहा. बढती मिळाली तर आधी वकिलाला फोन, मग बायकोला.

साहेबाला उलट मात्र बोलू नका. नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात नवी कंपनी शोधा, नाहीतर घर, गाडी, मुलांची शाळा आणि गराजमधला गणपतीचा मखर सगळं आवरा.

फारच असह्य झालं तर फुलं पाठवा. थट्टा नाही. २००७च्या जुलैत ४८५ भरायला जवळपास सगळ्यांना दार उघडलं म्हणून जाहीर झालं आणि २ तारखेलाच बंद झालं, तेव्हा आपल्या लोकांनी गांधीगिरी म्हणून इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखाला शेकडो गुच्छ पाठवले. त्यानं ते लष्करी रुग्णालयाकडे वळवले. पण पंधरवड्यात दार पुन्हा उघडलं.

सध्या नव्या कंपनीला 'कळवतो' म्हणा आणि सोमवारच्या मीटिंगला वेळेवर जा. साहेब २०१४ पासून तोच विनोद सांगतोय. हसा.