नोमोडसेट, गायब वाय-फाय आणि जुनं कर्नल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : नव्या लॅपटॉपवर लिनक्स घालण्याच्या माझ्या लेखाप्रमाणे डेबियन १२ (लिनक्सचं एक वितरण) घातलं, पडदा काळा राहिला म्हणून नोमोडसेट (nomodeset, सुरू होताना लिनक्सला द्यायचा एक पर्याय) वापरलं, इन्स्टॉल पार पडलं. पण आता ब्राइटनेस कमीजास्त होत नाही, वाय-फाय दिसतच नाही, आणि ‘नवं कर्नल (लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर त्यातच असतात) टाका’ हा सल्ला नेटशिवाय कसा पाळायचा ते लेखात नाही. त्यापेक्षा नव्या लॅपटॉपवर लिनक्स घालूच नका असं सरळ सांगायचं होतं.

शेवटचा मुद्दा सोडला तर तुमची तक्रार रास्त आहे. नोमोडसेट हा इन्स्टॉलपुरता टेकू आहे आणि नंतर तो काढायचा असतो, हे लेखात ठळकपणे यायला हवं होतं. हा शब्द दिला की ग्राफिक्स ड्रायव्हर पडद्याचा ताबा घेत नाही. लॅपटॉपच्या फर्मवेअरने (यंत्रातच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरने) सुरुवातीला लावून दिलेल्या साध्या चित्रावरच सगळं चालतं. ब्राइटनेस, बाहेरचा मॉनिटर, झाकण मिटल्यावर नीट झोपणं, हे सगळं त्या ड्रायव्हरवर अवलंबून असतं. म्हणजे तुमचा ब्राइटनेस हा वेगळा बिघाड नसून याच शब्दाचा परिणाम असण्याची शक्यता सर्वात जास्त आहे. लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतून तो शब्द खोडा आणि एफ१० दाबा. हा बदल एकाच वेळेपुरता असतो, त्यामुळे पडदा पुन्हा काळा राहिला तरी काही बिघडत नाही. इन्स्टॉलरला दिलेला शब्द बऱ्याचदा ग्रबच्या कायमच्या फाइलमध्येही उतरतो. तिथूनही तो काढून ‘अपडेट-ग्रब’ (update-grub) ही कमांड चालवा. मात्र हे नवं कर्नल आल्यावर करा, कारण पडदा काळा राहण्याचं मूळ बहुधा तिथेच आहे.

डेबियन १२चं कर्नल ६.१ आहे, डिसेंबर २०२२मधलं. त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, पण नव्या चिपचे ड्रायव्हर सहसा मागच्या कर्नलमध्ये आणले जात नाहीत. उदाहरणार्थ, मीडियाटेकच्या एमटी७९२५ या वाय-फाय चिपचा ड्रायव्हर ६.७मध्ये आला. ६.१मध्ये असलेल्या ड्रायव्हरांवर ती चालणार नाही.

तरीही आधी निदान करा. टर्मिनलमध्ये यंत्रातल्या उपकरणांची यादी देणारी ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘एनएनके’ हे पर्याय जोडून (lspci -nnk) चालवा आणि नेटवर्कचं उपकरण शोधा. त्याच्याखाली ‘कर्नल मॉड्यूल्स’ ही ओळच नसेल तर कर्नलला ती चिप माहीतच नाही. नवं कर्नल हवं. ओळ असेल तर कर्नलचे संदेश दाखवणारी ‘डीमेसेज’ (dmesg) ही कमांड रूट, म्हणजे प्रशासक, म्हणून चालवून पाहा. तिथे फर्मवेअर लोड होत नसल्याची तक्रार आणि सोबत ‘एरर -२’ दिसला, तर ड्रायव्हर आहे, पण त्याला हवी ती फर्मवेअरची फाइल (इथे वाय-फाय चिपमध्ये भरायचं सॉफ्टवेअर) डिस्कवर नाही. तेव्हा नुसतं कर्नल बदलून उपयोग होत नाही. उलट बाजूनेही हीच फसगत होते : कर्नल नवं येतं, फर्मवेअरचं पॅकेज जुनंच राहतं, आणि नवा ड्रायव्हर नवी फाइल मागत बसतो. दोन्ही एकाच वेळी बदला.

आता नेट. अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा (नुसत्या चार्जिंगच्या केबलने चालत नाही) आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लॅपटॉपला तो तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो; वाय-फायच्या ड्रायव्हरचा संबंधच येत नाही. फोन घरच्या वाय-फायवर असेल तर तेच नेट लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा खर्च होत नाही. मग बुकवर्म-बॅकपोर्ट्सची (डेबियन १२साठी नव्या आवृत्त्या देणाऱ्या डेबियनच्याच साठ्याची) ओळ ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’सह सोर्सेसच्या, म्हणजे पॅकेजं कुठून घ्यायची त्या, यादीत घाला आणि कर्नल व फर्मवेअर दोन्ही तिथूनच घ्या. जुनं कर्नल काढू नका. नवं अडलं तर ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून त्यावर परत जाता येतं. लॅपटॉपवर अजून तुमचं काही साठलेलं नसेल, तर मी हा खटाटोप न करता डेबियन १३ नव्याने घालायला सांगेन. त्यात कर्नल ६.१२ आहे.

सिक्युअर बूट (फक्त मान्य डिजिटल सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) बंद करायची गरज नाही, डेबियनची ही कर्नलं सही केलेली असतात. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा संदेश येतो तो बाहेरून आणून स्वतः बांधलेल्या ड्रायव्हरला, कारण त्यावर यंत्राला मान्य असलेली सही नसते. कुठूनतरी उतरवलेले वाय-फाय ड्रायव्हर शक्यतो टाळाच. पुढच्या कर्नल अपडेटला ते मोडण्याची भीती असते.

राहिला शेवटचा मुद्दा. ‘घालूच नका’ हे मला पटत नाही, पण ‘न तपासता घालू नका’ हे शंभर टक्के मान्य. फेडोरासारखं ताजं कर्नल असलेलं वितरण पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा. वाय-फाय, आवाज, टचपॅड, झाकण मिटून पुन्हा उघडणं आणि कॅमेरा, हे सगळं डिस्कला हात न लावता पाहता येतं. कॅमेरा विसरू नका : काही नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये तो यूएसबीवर नसून आयपीयू६ या भागाला जोडलेला असतो, आणि तो चालवणं अजूनही त्रासाचं आहे. रोजचं काम व्हिडिओ कॉलवर चालत असेल आणि लाइव्हमध्ये कॅमेरा दिसत नसेल, तर त्या यंत्रापुरतं तुमचं म्हणणं खरं आहे.

एलएसपीसीआयमधल्या नेटवर्कच्या ओळी आणि डीमेसेजमधली फर्मवेअरची तक्रार इथे डकवा, म्हणजे नेमकं कोणतं पॅकेज हवं ते सांगता येईल.