नाकावरचे भाडेकरू

माझ्या नाकावर चष्मा इयत्ता चौथीपासून राहतो. पागडीचाच भाडेकरू म्हणा ना. नाक माझं, ताबा त्याचा. दोन्ही बाजूंना त्याचे लाल खड्डे पडलेत, पण तो जागा सोडत नाही आणि त्याच्यावाचून माझंही पान हलत नाही. ४९ वर्षं आमचं बरं चाललं होतं. यंदा श्रावणात त्याच जागेवर दुसरा भाडेकरू, मास्क, आला आणि भांडणं सुरू झाली.

कारण मखर. थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे आणि पुठ्ठ्याचं मखर केलं तर गिरगावातली आमची चाळ 'यंदा हात आखडता दिसतोय' असं तोंडावर म्हणते. म्हणून मी एमडीएफच्या फळीची कमान करायला घेतली. रिटायर झालेल्या माणसाला कोणी अडवत नाही. वर्कशॉप म्हणजे खोलीपुढची गॅलरी, पावसासाठी ताडपत्री बांधलेली. एमडीएफ घासला की भुसा पडत नाही, पीठ उडतं. पहिल्याच दिवशी शेजारच्या नानींच्या तुळशीला कार्तिकाआधी हळद लागली.

"अरे, झाडाचं जाऊ दे," नानी म्हणाल्या, "तुझ्या नाकात किती गेलं असेल?"

हा प्रश्न मी उगाच मनावर घेतला. लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९५ मध्येच ठरवून टाकलंय, आणि तोही कुठला, तर नाकाचा. शिवाय एमडीएफ म्हणजे डिंक लावून दाबलेलं लाकडाचं पीठच. खालच्या मजल्यावरचे सुतार भाऊ म्हणाले, "रुमाल बांधा. आमच्या बाबांनी आख्खा जन्म रुमालावर काढला." बाबा खोकून खोकून गेले, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं.

ड्रॉवरमध्ये करोनाच्या वेळचे मास्क होते. घातला, दोनदा श्वास सोडला, आणि गिरगावचं महाबळेश्वर झालं. चष्म्यावर वाफ. पुसला, पुन्हा वाफ. चष्मा पुसायला बनियन, बनियनवर एमडीएफ, त्यामुळे आता वाफेबरोबर काचेवर लापशीही. साबण चोळून काच पुसली की वाफ धरत नाही, हा उपाय खरा आहे, पण पावसाळी हवेत माझ्या काचेवर तो जेमतेम चहा उकळेपर्यंत टिकला. बायको दारातून बघत होती. म्हणाली, "अहो, बोटं मोजून घ्या तेवढी."

तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडला. वाफ वर येते म्हणजे नाकापाशी फट आहे. माझा श्वास ज्या फटीतून बाहेर जातो, त्याच फटीतून धूळ आत येणार. म्हणजे इतका वेळ मी ज्या चष्म्याला शिव्या घालत होतो, तो बिचारा मास्कविरुद्ध साक्ष देत होता.

दुसऱ्या दिवशी चालत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात गेलो. ज्याला काय हवं ते नीट सांगता येत नाही, त्यानं त्या गल्लीत जाऊ नये. मी 'धुळीचा मास्क' म्हणालो, दुकानदारानं पाच डबे काढले. पहिल्यांदा त्यानं काळी डबडी लावलेला मास्क पुढे केला. ती डबडी रंगाच्या वासासाठी. नुसत्या धुळीला वेगळा फिल्टर लागतो, एवढं मी वाचून गेलो होतो. ते बोलून दाखवल्यावर त्याचा आवाज जरा मऊ झाला.

मग पूर्ण चेहऱ्याचा. समोर मोठी काच, आत माणूस. जीवात जीव आला. पण चष्म्याच्या काड्या कडेच्या रबराखालून बाहेर येतात आणि तिथे फट राहते.

"मग चष्मेवाल्यांनी काय करायचं?"

"आत बसवायची वेगळी फ्रेम येते काका, त्यात तुमच्या नंबरच्या काचा घालायच्या."

सगळ्याची मिळून किंमत त्यानं सांगितली. तेवढ्यात गणपतीसकट मखर आलं असतं. पंख्यानं गाळलेली हवा आत फेकणारे सैल हूडही असतात, चष्मा चालतो, दाढीही चालते म्हणे. त्याची किंमत मी विचारलीच नाही. दाढीवरून आठवलं, पुतण्या बरोबर आला होता. त्याला मास्क घालून बघायची हौस आली, तर दुकानदारानं हनुवटीकडे बोट दाखवून मान हलवली. दाढीवर रबर बसत नाही. एरवी आरशासमोर तासभर उभा राहणारा मुलगा त्या दिवशी गप्प झाला.

शेवटी घेतला तो अर्ध्या तोंडाचा रबरी. दोन बाजूंना गोल फिल्टर, पट्टे डोक्यामागून, त्यामुळे कानावर चष्म्याची एकट्याची सत्ता. सोडलेला श्वास पुढच्या झडपेतून खाली जातो. फिल्टरची तोंडं तळहातांनी बंद करून श्वास ओढला की मास्क गालाला चिकटला पाहिजे, चिकटला. वाफ नाही. मी आनंदानं काहीतरी म्हणालो, ते कुणालाच कळलं नाही.

फक्त रबराचं नाक फार उंच. चष्मा अर्धा इंच वर सरकला आणि माझ्या प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा, वाचायचा भाग थेट डोळ्यांसमोर आला. मोजपट्टीचे आकडे लख्ख, पण नानी म्हणजे हलतं पातळ. मग कपाटातून जुना, एकाच नंबरचा जवळचा चष्मा काढला, आधी मास्क, त्याच्यावर चष्मा, असा क्रम लावला आणि दोन्ही भाडेकरू एकदाचे नांदू लागले.

तासभर निवांत घासलं. धूळ नाही, वाफ नाही, काच आरशासारखी. मग दोन पावलं मागे सरकलो, नेहमीचा चष्मा लावला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच माझी कमान मला स्वच्छ दिसली. डावा खांब उजव्यापेक्षा पाऊण इंच आखूड होता.

बायकोनं मान तिरकी करून बघितलं, मग दुसऱ्या बाजूला तिरकी करून बघितलं.

"झेंडूची माळ त्या बाजूला जाड लावू," ती म्हणाली. "आणि आरतीला येणाऱ्यांना तुमचे ते जुने मास्क वाटू."