एकटाच जातोय म्हणे!

कोल्हापुरातनं एकट्यानं मोटरसायकल काढायची, राधानगरी-दाजीपूर करत फोंडा घाट उतरायचा आणि वैभववाडीवरनं करूळ घाट चढून गगनबावड्यामार्गे परत यायचं. नकाशात हे दोनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. नकाशाला मित्र नसतात, म्हणून. वाटेवरच्या हळदी गावात एक, परिते गावात एक, राधानगरीत दोन आणि येताना कळे गावात एक असे मित्र असले, तर माझ्या हिशोबानं ही सफर पाच जेवणांची.

टाकी शहरातच फुल्ल करावी. हवा सकाळी, टायर गार असताना बघावी. क्लचची जादा केबल जुन्या केबलच्या शेजारनंच ओवून टेपनं बांधून ठेवावी. घाटात तुटलीच तर नुसती दोन टोकं अडकवायची. एवढं केलं की गाडी सहसा दगा देत नाही. दगा देतं ते स्टेटस. 'एकटाच निघालोय' असा फोटो टाकायचा अवकाश, फोन येतोच. "भावा, दारावरनं जाणार आणि थांबणार न्हाईस व्हय? फकस्त चहाला ये."

हा चहा म्हणजे मटण शिजायला लागणारा वेळ. कप हातात आला, की आत कांदा-खोबरं भाजायला पडलेलं असतं. गाडीवरनं उतरायचंच नाही, हेल्मेटही काढायचं नाही, दारातच बोलून सटकायचं, अशी युक्ती पुष्कळजण सांगतात. ती फुकट जाते. "डोस्क्यावर किती येळ त्ये ओझं? आण हिकडं," म्हणत काकू हेल्मेट घेऊन जातात आणि आतल्या फळीवर ठेवतात. ते जेवणानंतरच खाली येतं. त्यात पांढरा रस्सा आधी येतो, आणि त्यानं भूक खवळते. पहिल्या घरी अर्ध्या वाटीवर थांबावं (थांबलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही). राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरावीक पातळीला गेलं की आपसूक उघडतात. चौथ्या घरी ताटावर बसल्यावर त्या दरवाजांचा हेवा वाटतो.

जंगल त्या मानानं सोपं. दाजीपूरच्या रस्त्याला गवा आडवा आला तर लांबच थांबावं, हॉर्न मारू नये, दिवा डोळ्यांवर पाडू नये. पायात पांढरे मोजे घातल्यागत दिसणारं ते हजारभर किलोचं धूड आपल्याकडं बघत उभं राहतं. ते पलीकडं गेलं म्हणून लगेच गाडी रेटायची नाही, मागनं कळप आणि वासरं येत असतात. थोड्या वेळानं सगळे झाडीत जातात. जेवल्याशिवाय सोडत नाही, असं गवा म्हणत नाही.

फोंडा घाट ज्या गिअरात चढावा लागेल, त्याच गिअरात उतरावा. ब्रेक दाबूनच ठेवला तर तापतो आणि ऐन वळणावर पकड सोडतो. गगनबावड्याला धुकं लागलं तर लो बीमच बरा. हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. पुढं ऊसाचा सीझन असेल तर दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही आणि गाणी मात्र अशी की आधी ऐकू येतात, मग दिसतात.

कळ्यातला मित्र जेवण पार्सलवर सोडेल, पण गुळाचा पाच किलोचा रवा, म्हणजे ढेप, दिल्याशिवाय नाही. तो रबरी हुकाच्या दोरीनं बांधू नये, खड्ड्यात उसळून निसटतो. जुन्या ट्यूबची पट्टी कापून आडवी-उभी आवळावी आणि सायलेन्सरची बाजू सोडून बांधावी. "इथं बसतंय की बरोबर," म्हणत मित्र हमखास सायलेन्सरच्याच अंगाला बांधतो. शहरात येईस्तोवर गूळ पाघळून ओघळ चेनपर्यंत गेलेला असतो. मग दुसऱ्या दिवशी डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन चेन धुवायची, नव्वद नंबरचं गिअर ऑइल सोडायचं, चेनला दोनतीन सेंटिमीटर झोल (ढिलाई) ठेवून चाक आवळायचं. पण त्याआधी मुंग्या हटवायच्या. त्या एकट्या येत नाहीत.