सव्वीस आठवडे आणि एक स्टूल

"बाळंतपणाला सव्वीस आठवडे भरपगारी रजा? त्यापेक्षा नवीन लग्न झालेली पोरगी कामावर घ्यायचीच नाही." परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाने हे लिहिलं. दादा माझा चुलतभाऊ, सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्याचा टॉवेलचा कारखाना. खाली चार अंगठे, त्यात एक वहिनीचा! इथे अमेरिकेत, ओहायोत रात्रीचे दोन वाजलेले. झोप उडाली ती उडालीच.

मग मीही ऐकवलं. इथे २०२३पासून कायदा आहे, म्हटलं. पंधरा किंवा जास्त माणसं कामाला असली, तर गरोदर बाईला बसायला, पाणी प्यायला, लघवीला जायला सवड द्यावीच लागते. मालकाचं फारच अडत असेल तर गोष्ट वेगळी. मी फार्मसीत दिवसभर काउंटरला उभी. सातव्या महिन्यात स्टूल मागितलं, तिसऱ्या दिवशी हजर. काळं, उंच, पाय टेकायला कडी असलेलं. फोटोच टाकला.

आणि दादा, तू ईएसआय, म्हणजे कामगार विमा, भरतोस ना? मग एकवीस हजारांच्या आत पगार असलेल्या बाईचे रजेचे पैसे महामंडळ देतं. तुझ्या खिशाला काय तोशीस?

दादा गप्प. शिलाईच्या बायका कंत्राटदाराच्या वहीवर आहेत, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही.

आत्याचं ठरलेलं, "आमच्या वेळी कुठं होतं हे असलं?" अगं, आपल्याकडे बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९६१पासून आहे! पण पूर्व भागात, आमच्या गल्लीतल्या तेलुगू मावशीपर्यंत तो पोचलाच नव्हता. दिवस भरले तरी ती विड्या वळायची. पोट वाढेल तसं मांडीवरचं सूप गुडघ्यांकडे सरकायचं. हजार झाल्याशिवाय उठायची नाही. लहानपणी मला त्याचं फार कौतुक होतं.

एक मात्र मी ग्रुपवर लिहिलं नाही. मला मिळाली ती रजा बारा आठवड्यांची, बिनपगारी. तीही पन्नास किंवा जास्त माणसांची कंपनी म्हणून. घरभाडं थांबत नाही. दहाव्या आठवड्यात मी परत त्याच काउंटरला. बाळाला सांभाळते आई. टुरिस्ट व्हिसावर आली, बॅगेत शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन. मुक्काम सहा महिने. म्हणजे मोजून सव्वीस आठवडे.

सकाळी दादाचा मेसेज होता, "काकू कधी परत येतेय?"

अजून उत्तर दिलेलं नाही.