मोतीबिंदू आणि मानपाड्याचा संजय

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, वाकू नका, थेंब वेळेवर घाला. टीव्ही बघायला हरकत नाही." आईने हे सगळं फोनवर डोंबिवलीच्या मावशीला सांगितलं. मावशी म्हणाली, "आठ दिवस टीव्हीकडे ढुंकूनही बघायचं नाही." आमच्याकडे डॉक्टर आणि मावशी यांच्यात मतभेद झाला तर मावशीचं चालतं. ती फी घेत नाही.

त्यात लेकीची दहावी. जूनपासून आमचा टीव्ही मुका आहे. एरवी आई नुसती चित्रं बघून सगळं ओळखायची, आता तेही बंद. मग संध्याकाळी ती काळा गॉगल लावून, टीव्हीकडे पाठ करून बसली. मी इअरफोन कानात घालून टीव्हीकडे तोंड करून बसलो.

"हं, सांग," ती म्हणाली.

आईची बघणारी म्हणून योग्यता सांगायला हवी. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हापासून ती बघते आहे. आधी ठाण्यातच, नौपाड्यात शेजाऱ्यांकडे, जमिनीवर बसून. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी कुळीथसुद्धा पेरला नाही अशी ती माणसं 'आमची माती, आमची माणसं' लावून भातावरच्या किडीची माहिती डोळे विस्फारून ऐकत. पुढे आठवड्यातून एकदा लागणाऱ्या, तेरा भागांत आटोपणाऱ्या मालिका आल्या. त्याही तिने बघितल्या. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, भाग तीन हजारांच्या वर गेले, तरी ती हलली नाही. असल्या श्रोत्यासमोर मी उभा, म्हणजे बसलेला.

"काय चाललंय?"

"थोरली जाऊ जिन्याखाली उभी आहे."

"आणि?"

"बघते आहे. नायिकेकडे. नायिका जिन्यात आहे."

"मग ती काय करते?"

"तीही बघते आहे. आता सासरे बघतायत. आता दीर. आता आत्या. परत सासरे."

"आत्यांनी कुठली नेसली आहे?"

"जांभळी."

"जांभळी म्हणजे? वांगी की आमसुली?"

"जांभळी गं."

"काठ?"

"आहेत."

आई इतक्या जोरात उसासली की आतून लेक ओरडली, "आजी, आवाज!"

संजयाचं मला नेहमी कौतुक वाटत आलं आहे, पण त्याचं काम सोपं होतं. त्याला अठरा अक्षौहिणी सैन्य होतं, मला एक जिना. शिवाय भीष्मांनी आज कुठलं उपरणं घेतलंय, असं धृतराष्ट्राने एकदाही विचारलं नाही. फाळक्यांनी १९१३ साली मुका चित्रपट काढला तेव्हा मधूनमधून पाट्या तरी दाखवल्या होत्या. इथे मीच पाटी.

आणि इतक्या जवळून, जबाबदारीने बघायला लागल्यावर माणसाला मतं फुटतातच. या घराण्याची एक अवाढव्य कंपनी आहे, तिचं रोज एक डील होतं, ती फाइल रोज कुणीतरी पळवतं. पण कंपनी काय बनवते हे मला आजतागायत कळलेलं नाही. बहुधा फाइलीच. नायक फोनवर "आलोच" म्हणतो आणि पुढच्याच दृश्यात खरोखर येतो. असल्या मालिकांचे कितीतरी बंगले आमच्याच घोडबंदर रोडच्या आतल्या गल्ल्यांत आहेत. संध्याकाळी सातला कापूरबावडीहून मानपाड्याला "आलोच" म्हणून दाखवा, मी मालिकेचे सगळे अपराध पोटात घालीन. आणि मुख्य म्हणजे, मालिकेतल्या कुठल्याच घरात रात्री मालिका लावत नाहीत. म्हणून तर कारस्थानाला एवढा वेळ मिळतो. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावर कुणाचा अपघात व्हायचा, कुणाची स्मृती जायची, हे ठरतं. बिचाऱ्यांची साडेसाती शनीच्या नव्हे, गुरूच्या हातात.

चौथ्या दिवशी नायिका अजून जिन्यातच होती. आई म्हणाली, "तुला नीट सांगता येत नाही. काहीतरी घडत असणारच." तिथे माझा तोल गेला.

"घडलं!" मी म्हणालो. "ती जिना उतरली."

"अगंबाई!"

मग मी थांबलोच नाही. थोरल्या जावेने पळवलेली फाइल उघडली, आत नुसती लाइटबिलं निघाली. ती खचली आणि विपश्यनेला इगतपुरीला गेली. नायिकेने गुपचूप बँकेची परीक्षा दिली होती, ती पास झाली. सासऱ्यांनी रिकाम्या संध्याकाळचं काय करायचं म्हणून गडकरी रंगायतनला नाटकं बघायला सुरुवात केली. मध्यंतरातला वडाही मी त्यांना खाऊ घातला. सहाव्या दिवशी नायक-नायिकेने कोलशेतला वन बीएचके भाड्याने घेतला.

"डिपॉझिट किती दिलं?" आईने विचारलं.

"एक लाख."

"आणि पाणी?"

"चोवीस तास."

इथे मात्र ती जरा साशंक झाली.

मला वाटत होतं हे घरातल्या घरात राहील. पण आई रोज सकाळी गॉगल लावून सोसायटीच्या बाकावर बसते हे मी विसरलो. सातव्या दिवशी समोरच्या काकू दारात. "काय हो, तुमच्याकडे केबल कुणाची आहे? आमच्याकडे ती अजून जिन्यात आहे. तुमची आई म्हणाली ती नोकरीलासुद्धा लागली." मागे उभे असलेले काका खालच्या आवाजात म्हणाले, "आपण पण तीच घेऊ."

आठ दिवस संपले. आईने गॉगल काढला आणि टीव्हीकडे तोंड करून बसली. पडद्यावर नायिका, जिन्याची तीच पायरी. खाली थोरली जाऊ, इगतपुरीला न गेलेली. सगळे बघत होते. आईने जाहिरातींसकट सबंध अर्धा तास एक शब्द न बोलता बघितला. मी पाणी प्यायच्या निमित्ताने तीनदा स्वयंपाकघरात जाऊन आलो.

भाग संपल्यावर ती माझ्याकडे वळली. ऑपरेशन उत्तम झालं होतं. नजर चांगलीच तीक्ष्ण झाली होती.

"कोलशेतचा फ्लॅट सोडला त्यांनी?"

"हो. म्हणजे... तसंच दिसतंय."

"अरे, करार अकरा महिन्यांचा असतो. आठवड्यात सोडला म्हणजे डिपॉझिट गेलं की रे!"

आता डाव्या डोळ्याची तारीख मिळाली आहे, पुढच्या महिन्यातली. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसलं तर चालेल का, असं समोरच्या काकूंनी विचारलं आहे. गॉगल त्यांनी कालच आणला. त्यांचे डोळे ठणठणीत आहेत.