क्लफ एकटा नव्हता

२०२५च्या महिला विश्वचषकात भारत लागोपाठ तीन सामने हरला, तेव्हा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कोच अमोल मुजुमदारची पार सालटी काढली गेली. जो भारताकडून एकही सामना खेळला नाही तो काय डोंबल शिकवणार, हा सूर. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत कप जिंकला आणि तीच मंडळी म्हणू लागली, कोच असाच हवा, ज्याला संधी मिळाली नाही त्यालाच भूक कळते. दोन्ही वेळा आवाज तेवढाच चढलेला.

मी राहतो नॉटिंगहॅमला. इथला फुटबॉलचा देव ब्रायन क्लफ. सेंटर फॉरवर्ड म्हणून २७४ लीग सामन्यांत २५१ गोल, तरी इंग्लंडकडून फक्त २ सामने. १९६२च्या बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबर) गोलकीपरशी धडक झाली, गुडघा गेला. तिशीत तो हार्टलपूल्स क्लबचा मॅनेजर, म्हणजे कोचच, झाला. पुढे डर्बी क्लबला १९७२ची इंग्लंडची सर्वोच्च लीग जिंकून दिली, इथल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला १९७८ची, आणि १९७९, १९८० असे सलग दोन युरोपियन कप (युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा). फॉरेस्टचा हा संघ १९७७मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आला होता, तेही तिसऱ्या क्रमांकाने!

ग्रुपवाले हे उदाहरण कुठल्याही बाजूने ओढतील. पण मला त्यात क्लफचा जोडीदार पीटर टेलर दिसतो. मिडल्सब्रो क्लबचा हा जुना गोलकीपर इंग्लंडकडून कधीच खेळला नाही. खेळाडू हेरावा तो टेलरने आणि त्याच्याकडून काम काढून घ्यावं क्लफने, अशी वाटणी. हार्टलपूल्स, डर्बी, फॉरेस्ट, तिन्हीकडे दोघं बरोबर. १९७४मध्ये क्लफ लीड्सला गेला, टेलर त्यांच्या आधीच्या ब्रायटन क्लबलाच थांबला, आणि ४४ दिवसांत क्लफची हकालपट्टी झाली. (खेळाडूंना पहिल्याच भेटीत दुखावलं, हेही खरंच.) १९८२नंतर टेलर नव्हता, मग लीग कप ही दुय्यम स्पर्धा जिंकली, पण लीग किंवा युरोपियन कप पुन्हा नाही. १९८३मध्ये एका खेळाडूच्या खरेदीवरून दोघांचं फाटलं, ते कायमचं. डर्बीच्या स्टेडियमबाहेर दोघांचा जोडपुतळा आहे. आमच्या नॉटिंगहॅमच्या चौकात मात्र क्लफ एकटाच, आणि हे मला खटकतं.

म्हणून मी ग्रुपवर विचारलं, त्या विश्वचषकात आपला बोलिंग कोच कोण होता? मुंबईचाच आविष्कार साळवी. मुजुमदारच्या बाजूने आणि विरुद्ध भांडणाऱ्यांपैकी एकालाही सांगता आलं नाही.